‘पॅसेज नाही’ म्हणणारा तयार प्लॅन घ्यावा का?

सांगली, मिरज, कुपवाडच्या एनए (बिगरशेती) प्लॉटवर घर बांधायला काढलं की पहिल्या आठवड्यातच हातात येतो तो तयार प्लॅनचा कागद. ४० बाय ६० चा प्लॉट, म्हणजे २४०० चौरस फूट, सव्वादोन गुंठ्यांच्या जवळपास. त्यावर ३० बाय ३२ चं टूबीएचके, पुढे ८ फुटी पट्ट्यात पोर्च आणि जिना. संचात नकाशा, दर्शनी चित्र, सेंटरलाइन म्हणजे पायाच्या आखणीचा नकाशा, कॉलम-फूटिंगचं (खांब आणि त्यांच्या पायाचं) एक ठरावीक ड्रॉइंग आणि लाइट पॉइंटचा कागद मिळतो. हाच प्लॅन थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी विकला जातो, म्हणून कुणा एका दुकानाचं नाव न घेता इथे प्लॅनचंच परीक्षण केलं आहे. तेही एकाच बाजूने: घरात आलेला माणूस कुठवर येतो, आणि घरच्यांना त्याच्या नजरेआड राहायला जागा उरते का?

या प्लॅनची सगळ्यात मोठी जाहिरात म्हणजे ‘पॅसेज नाही, एक फूटही वाया नाही’. आमचं मुख्य भांडण नेमकं याच ओळीशी आहे.

आधी मांडणी समजून घ्या. गेटमध्ये घराकडे तोंड करून उभे राहा. डाव्या हाताला १६ फूट रुंदीचा पट्टा: पुढे १६ बाय १७ चा हॉल, त्याच्या मागे १६ बाय १३ चं स्वयंपाक-जेवणघर. उजव्या हाताला १२ फुटी पट्टा: पुढे १२ बाय १२ ची बेडरूम, मध्ये साडेपाच फूट खोलीचा टॉयलेटचा तुकडा, मागे पुन्हा १२ बाय १२ ची बेडरूम. टॉयलेटच्या तुकड्याचे दोन भाग आहेत. हॉलला लागून असलेला भाग कॉमन, तर बाहेरच्या भिंतीकडचा मागच्या बेडरूमला जोडलेला. पुढच्या बेडरूमचं दार हॉलमध्ये उघडतं, कॉमन टॉयलेटचंही हॉलमध्ये, मागच्या बेडरूमचं जेवणघरात. मुख्य दारासमोर सरळ रेषेत स्वयंपाकघराचं सहा फुटी उघडं तोंड, त्याला दार नाही, वर कमान.

आता उंबऱ्यावर उभं राहा. हॉलचे १७ फूट, स्वयंपाकघराचे १३, अशी तीस फूट सरळ नजर थेट मागच्या भिंतीच्या ओट्यावर जाते. कुरिअरवाला सही घेईपर्यंत ओट्यावरची पातेली मोजू शकतो. हॉलमध्ये चार पाहुणे बसलेत आणि घरातल्या कुणाला टॉयलेटला जायचंय, तर त्यांच्या समोरून जायचं, त्यांच्या समोर दार लावायचं आणि त्यांच्या समोरच बाहेर यायचं. फ्लशचा आवाज, फिनेलचा वास सगळं बैठकीत. पुढच्या बेडरूममध्ये बाळंतीण असेल किंवा आजारी माणूस, तर ते दार दिवसभर लावूनच ठेवावं लागतं, कारण उघडलं की समोर सोफा.

सांगलीच्या गावभागातली, मिरजेतली जुनी घरं आठवा. दारापुढचा ओटा, मग सोपा म्हणजे पुढची बैठकीची जागा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी परसू. शेतमालाचा हिशोब करायला आलेला माणूस सोप्यात बसायचा. नात्यातल्या बायका माजघरापर्यंत यायच्या. चुलीपाशी घरचेच. या रचनेत दारं थोडी आणि उंबरे जास्त. प्रत्येक उंबऱ्यापाशी येणारा एक तर थांबे किंवा आत बोलावला जाई. नव्या प्लॅनमध्ये सोपा हॉल झाला, स्वयंपाकघर किचन झालं, आणि माजघर गळून पडलं. ‘पॅसेज नाही’ म्हणून जे वाचवलं म्हणतात, ते हेच माजघर.

ते परत आणायला सगळं घर मोडावं लागत नाही, हॉलमधले मागचे चार फूट पुरतात. हॉल १६ बाय १७ ऐवजी १६ बाय १३ करा. २७२ चौरस फुटांचा हॉल २०८ वर येतो, तरी सहा-सात जणांची बैठक, टीव्ही आणि गणपतीत मखर आरामात मावतं. हॉलच्या मागे साडेचार इंची पडदी, म्हणजे विटांची पातळ आडभिंत, घाला. ती आणि गिलावा मिळून अर्धा फूट जातो आणि साडेतीन फूट रुंदीची, १६ फूट लांबीची लॉबी मिळते. कॉमन टॉयलेट लॉबीच्या उजव्या टोकालाच येतं, म्हणून त्याचं दार हॉलमधून काढून लॉबीत घ्या. बेसिनही तिथेच. लॉबीच्या डाव्या टोकाला तीन फुटी कपाट बसतं, अंथरुणं-पांघरुणं आणि फराळाच्या डब्यांसाठी.

पडदीचा खर्च फार नाही. १६ फूट लांब, १० फूट उंच, त्यातून ३ बाय ७ चं उघाड वजा केलं तर १३९ चौरस फूट बांधकाम, विटा साडेसहाशे ते सातशे, दोन्ही बाजूंनी गिलावा. मात्र पडदी लांब आहे, म्हणून मध्ये आरसीसी पट्टा हवाच, तीन-साडेतीन फुटांवर एक आणि लिंटेलला, म्हणजे दाराच्या माथ्यावर, एक. नाहीतर दार आपटून आपटून वर्षभरात चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. खाली प्लिंथ बीम (जोत्यातली तुळई) मिळेल असं आधीच सांगा. नुसत्या फरशीवर बांधलेली पडदी सांगलीच्या काळ्या मातीत भराव बसला की बसते.

नुसती भिंत घालून काम संपत नाही, उघाडं कुठे ठेवता त्यावर सगळं आहे. हॉलमधून लॉबीत जायचं उघाड उजव्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यापासून एक फूट सोडून, तीन फूट रुंद. लॉबीतून स्वयंपाकघरात जायचं उघाड डावीकडे सरकवून, असं की दोन्ही उघाडांच्या जवळच्या कडांमध्ये किमान चार फूट भरीव भिंत राहील. मग हॉलमधल्या माणसाला उघाडातून लॉबीची भिंत दिसते, ओटा नाही. टॉयलेटला जाणारा पाहुणा लॉबीत शिरताच उजवीकडे वळतो, त्याला स्वयंपाकघरापुढून जावंच लागत नाही. हे चार फूट वाचवायला उघाडं समोरासमोर घेतली तर पडदीचा पैसा वाया गेला असं समजा. मागच्या बेडरूमचं दार जेवणघरातच राहतं, पण आता जेवणघर हीच घरच्यांची जागा झाल्यामुळे ते खटकत नाही.

प्लॅनवर हे तपासायची सोपी रीत आहे. नकाशाची १:५० ची प्रत घ्या, पाटावर ठेवा. मुख्य दाराच्या मध्यावर टाचणी टोचा, तिला शिवणाचा दोरा बांधा. दोरा ताणून प्रत्येक आतल्या दाराकडे न्या. वाटेत भिंत आडवी आली तर ठीक. दोरा थेट पलंगावर, ओट्यावर किंवा टॉयलेटच्या दारावर पोचला तर ते दार जागेवरून हलवायचं. हेच सोफ्याच्या प्रत्येक जागेवरून करा, कारण बसलेला माणूस दारातल्यापेक्षा जास्त वेळ बघत असतो. लॉबीच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या खुर्चीवरून तिरकी नजर उघाडातून फार आत जाते, म्हणून त्या भिंतीवर टीव्ही लावावा, बैठक नाही. पायाची आखणी करताना चुन्याची फक्की मारली की पुन्हा एकदा जागेवर उभं राहून बघा. कागदावर न दिसलेलं तिथे कळतं, आणि फक्की पुसायला पैसे पडत नाहीत.

पुढच्या बेडरूमचं दार मात्र हॉलमध्येच राहतं, हे कबूल करायला हवं. लॉबी तिच्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे ती खोली अर्धी बाहेरचीच धरावी: आजी-आजोबांची, पाहुण्यांची किंवा कामाच्या कागदपत्रांची. ज्यांच्याकडे रोज माणसांचा राबता असतो, द्राक्षबागायतदार, अडते, वकील, त्यांना ही खोली वरदान आहे. नवं जोडपं किंवा दहावीचा मुलगा तिथे ठेवू नये. वडीलधारे राहणार असतील तर रात्री टॉयलेटला जाताना त्यांना हॉलचे चार-पाच फूट ओलांडावे लागतात, तेवढा एक फूटलाइट तिथे आधीच टाकून घ्या.

या खोलीचं दार मागच्या कोपऱ्यात घ्या आणि त्याचा हात, म्हणजे बिजागऱ्या कुठल्या बाजूला, ते नीट ठरवा. सुताराची सवय अशी की पल्ला उघडला की जवळच्या भिंतीला टेकला पाहिजे. त्याने जागा मोकळी राहते, पण दार चार बोटं उघडलं की पलंग दिसतो. बिजागऱ्या कोपऱ्याच्या विरुद्ध बाजूला लावल्या तर अर्धवट उघडा पल्लाच आडोसा होतो, आत गेल्यावरच खोली दिसते. यासाठी कडीच्या बाजूला कोपऱ्यात नऊ इंच भिंत सोडावी लागते आणि लाइटचा बोर्ड त्याच बाजूला यावा लागतो. तो पल्ल्यामागे गेला तर रोज अंधारात चाचपडणं आलं. म्हणून हे चौकट बसवण्याआधी, वायरमन आणि सुतार दोघांना एकत्र उभं करून सांगायचं. नंतर चौकट काढून फिरवणं म्हणजे गिलावा फोडणं.

आता आवाज. तयार प्लॅनमध्ये टीव्ही हॉल आणि पुढच्या बेडरूमच्या मधल्या भिंतीवर दाखवलाय. ती भिंत साडेचार इंची. दोन्हीकडून गिलावा केलेली अशी भरीव पडदी साधं बोलणं चांगलं अडवते, भिंत कमकुवत नसते. आवाज जातो तो भोकांतून. लाइट पॉइंटच्या कागदावर हॉलमधला टीव्हीचा बोर्ड आणि बेडरूममधला उशाशी असलेला बोर्ड अगदी पाठीला पाठ लावून काढलेत. साडेचार इंचाच्या भिंतीत दोन्हीकडून दोन-दोन इंच खोदलं की मध्ये उरतं काय? सिमेंटची पापडी. बातम्या जशाच्या तशा उशाशी. बोर्ड एकमेकांपासून किमान दीड फूट आडवे सरकवा आणि खोबणी मसाल्याने गच्च भरून घ्या. दुसरं भोक दाराखालचं. फरशी नंतर बसते म्हणून पल्ला अर्धा-पाऊण इंच वर ठेवतात आणि तसाच सोडतात. फरशी झाल्यावर माप घेऊनच पल्ला कापावा, फट पाव इंचाच्या आत. पोकळ पल्ल्याऐवजी ३५ मिलिमीटरचं भरीव फ्लश डोअर घ्यावं, फरक पहिल्याच रात्री कळतो.

एक गोष्ट या प्लॅनने खरंच छान केली आहे. दोन बेडरूमच्या मध्ये टॉयलेटचा तुकडा ठेवल्यामुळे एका खोलीचं बोलणं दुसरीत जात नाही. ते बदलू नका. पण त्याच तुकड्यात या प्लॅनचा सगळ्यात वाईट दोषही आहे: आतल्या कॉमन टॉयलेटला बाहेरची भिंतच नाही. नकाशावर ‘व्हें.’ (व्हेंटिलेटर) लिहून दुसऱ्या टॉयलेटकडे झरोका दाखवलाय. म्हणजे एकाचा वास आणि आवाज दुसऱ्यात, आणि ते दुसरं बेडरूमला जोडलेलं. सार्वजनिक आणि खासगी जागा वेगळ्या करायच्या आणि मग झरोक्यातून जोडायच्या, याला काय अर्थ? दोन टॉयलेटच्या मध्ये दोन फूट रुंदीचा डक्ट, म्हणजे उभी पोकळी, गच्चीपर्यंत मोकळा न्यावा आणि आतल्या टॉयलेटचा झरोका त्यात उघडावा. जागा कमी पडते, म्हणून दोन्ही बेडरूममधून नऊ-नऊ इंच घ्या. बेडरूम १२ बाय सव्वाअकरा राहतात, तुकडा सात फूट खोल होतो, आणि प्रत्येक टॉयलेट साडेचार बाय सात मिळतं. पाइपही त्याच डक्टमधून न्यावेत. बेडरूमच्या भिंतीत गाडलेला चार इंची सॉइल (मैल्याचा) पाइप वरच्या मजल्याचा प्रत्येक फ्लश ऐकवतो.

खिडक्यांचा विचार प्लॅन काढणाऱ्याने प्लॉटच्या कुंपणापर्यंतच केला आहे. कडेला पाच फूट मार्जिन (मोकळी सोडलेली जागा), शेजाऱ्याचंही पाच. म्हणजे दोन खिडक्यांत दहा फूट. आणि वानलेसवाडीपासून बुधगावपर्यंत एकाच लेआउटमध्ये शेजारच्या प्लॉटवर हाच प्लॅन उभा राहण्याची शक्यता मोठी. तसं झालं की तुमच्या पुढच्या बेडरूमची खिडकी शेजाऱ्याच्या हॉलच्या खिडकीपुढे आणि मागची बेडरूम त्यांच्या स्वयंपाकघरापुढे. बाजूची खिडकी शेजाऱ्याच्या खिडकीच्या कडेपासून तीन फूट सरकवा. सरकवता येत नसेल तर खालची चौकट तीन फुटांऐवजी साडेपाच फुटांवर घ्या आणि खिडकी उंचीला दीड, लांबीला सहा फूट करा. उजेड येतो, उभ्या माणसाची नजर जात नाही. मागच्या बेडरूमला मात्र मागच्या दहा फुटी मार्जिनकडे मोठी खिडकी घ्यावी. तिथे कुणी येत-जात नाही, वाराही तिकडूनच खेळता राहतो.

पुढच्या बेडरूमची पुढची खिडकी तर जिन्याखालीच उघडते. हा जिना उजवीकडे, बेडरूमच्या तोंडावर ठेवलाय: उजेड अडतो आणि गच्चीवर जाणारा प्रत्येक जण दोन पायऱ्या चढला की खोलीत डोकावतो. ही खिडकी बंद करून बाजूची घ्या. किंवा जिना डावीकडे हॉलपुढे न्या आणि पोर्च उजवीकडे.

बाहेरचा जिना की आतला, हा प्रश्न इथे सगळे विचारतात. वर भाडेकरू ठेवायचा असेल तर बाहेरचाच, त्यात शंका नको. भाडेकरूचा पाय तुमच्या पोर्चमध्येही पडू नये असं गेटपासून वेगळं पाऊल काढता आलं तर उत्तम. वर मुलाचा संसार असेल तर आतला जिना हवा, आणि तो हॉलमधून न काढता लॉबीतून किंवा जेवणघरातून काढावा. हॉलमधला जिना दिसायला भारी, पण घरातली प्रत्येक ये-जा पाहुण्यांपुढून होते. दहा फुटांच्या मजल्याला १८ चढ, प्रत्येकी पावणेसात इंचांच्या आत, पायरी दहा इंच. यापेक्षा खडा जिना वडीलधाऱ्यांना चढवत नाही.

लॉबीच्या उघाडाला काय लावायचं? रोजच्या वापराला जाड पडदा पुरतो. पीव्हीसीचा घडीचा पार्टिशन स्वस्त मिळतो, पण तो वरच्या एकाच रुळावर लटकतो, खालून हलतो, पट्ट्यांचे जोड फाटतात, आवाज अजिबात अडत नाही. सीएनसी यंत्रावर कापलेली एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीची) जाळी हॉलच्या कोरड्या भागात शोभते. बेसिनशेजारी लावली तर पाणी लागून खालच्या कडा फुगतात, तिथे डब्ल्यूपीसी (लाकूड-प्लास्टिकच्या मिश्रणाची फळी) घ्या. जाळीतून एक लक्षात ठेवा: ज्या बाजूला दिवा लागलेला असतो ती बाजू दिसते. संध्याकाळी लॉबीत लाइट आणि हॉलमध्ये अंधार असेल तर जाळी असून नसल्यासारखी. आमच्या मते साधं फ्लश डोअर लावावं आणि दिवसभर उघडं ठेवावं. हळदीकुंकवाला, बारशाला, किंवा घरात दुःखाचा प्रसंग असताना ते लावता येणं फार मोलाचं असतं.

मागचं दार या प्लॅनने दिलंय, त्याबद्दल पैकीच्या पैकी गुण. स्वयंपाकघरातून मागच्या दहा फुटांत उतरता येतं. डाव्या मार्जिनला तीन फुटी छोटं गेट ठेवलं की गॅस सिलिंडर, दूध, धुण्याभांड्याच्या मावशी, सगळं हॉलला न शिवता आत येतं. त्या पाच फुटांत एसीचे बाहेरचे डबे आणि पाण्याची मोटर ठेवून वाट बुजवू नका.

खरेदीआधी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हा कागद महापालिकेच्या परवानगीला चालत नाही. परवानगीचा नकाशा नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने तुमच्या प्लॉटच्या मोजणीवरून काढायचा असतो, आणि फूटिंगही तुमची माती बघून. ठरावीक फूटिंगच्या ड्रॉइंगवर काम सुरू करू नये. दोन, प्लॉट उलट दिशेचा असेल तर आरशातला प्लॅन देतो म्हणतात. त्यात भिंती उलटतात, पण दारांचे हात आणि लाइटचे बोर्ड बरेचदा जुन्याच बाजूला राहतात. प्रत्येक दार बोटाने उघडून बघा.

कृष्णाकाठच्या, २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी आलेल्या भागात हा प्लॅन आहे तसा जमिनीवर बसवू नये. खाली पार्किंग सोडून घर वर घ्यायचं असेल तर पोर्चचा ८ फुटी पट्टा वरच्या मजल्यावरही ठेवा आणि जिन्याचा शेवटचा टप्पा निदान पाच बाय आठचा मोकळा करून तिथे बसायला कट्टा बांधा. नाहीतर जिना चढून आलेला प्रत्येक माणूस थेट हॉलच्या दारात उभा राहतो आणि त्याला आत घेण्यावाचून इलाज उरत नाही. चपला, छत्र्या, दुधाची पिशवी आणि दोन मिनिटांचं बोलणं त्या कट्ट्यावरच उरकतं.